तिथं कुणी विचारत नाही

सांगली जिल्ह्यातल्या 23 वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलंय. घरची द्राक्षबाग, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंग, चारही वर्षं वर्गात पहिल्या तिनात. जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात दोन वर्षांच्या मास्टर्सला तिला प्रवेश मिळालाय. शिक्षण इंग्रजीतून आहे आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतंय. फी नसल्यासारखीच, पण राहण्याखाण्याच्या खर्चासाठी वडिलांनी बाग तारण ठेवून कर्ज काढलं. तिकडे गेलेले सीनियर सांगतात की पार्टटाइम कामात सगळं भागतं, वर घरी हप्त्यापुरते पैसेही पाठवता येतात. ती लिहिते, 'अभ्यासाचं टेन्शन नाही. भीती आहे ती थंडीची, जेवणाची आणि एकटं पडण्याची. आई बॅग भरताना रडते. मधूनच वाटतं, एक वर्ष थांबावं का? तिथं नेमकं काय वाढून ठेवलंय ते कुणी स्पष्ट सांगत नाही.'

तुला अहो-जाहो करत नाही. पुण्यात जर्मन शिकवण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. समोरच्या बाकावर तुझ्याच वयाची मुलं असायची, ती सवय जात नाही.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. 'अभ्यासाचं टेन्शन नाही.' माझी जी मुलं तिकडे जाऊन अडखळली, त्यांच्यातली बरीचशी हेच वाक्य बोलून विमानात बसली होती. थंडीला कंटाळून परत आलेलं मात्र मला कुणी आठवत नाही. जॅकेट विकत मिळतं, घरात हीटर असतो. तूरडाळ, बासमती, हिंग सगळं मिळतं. कांदा-लसूण मसाला तू नेणारच आहेस. लहान कुकरही ने. आणि फोडणी देताना खिडकी उघडी ठेव, कारण छतावरचा धुराचा अलार्म लसणाच्या फोडणीलाही आग समजतो. जेवणाबद्दल मला एवढंच सांगायचंय.

आता अभ्यासाकडे येऊ. आपल्याकडे इंजिनिअरिंग कसं पार पडतं ते आठव. हजेरी 75 टक्के भरली नाही तर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव. दर आठवड्याला जर्नल तपासून घ्यायचं, टर्मवर्क, सबमिशन, ओरल. पीएल, म्हणजे परीक्षेआधीची अभ्यासाची सुट्टी, लागली की लोकल ऑथरचं पुस्तक, मागच्या पाच वर्षांचे पेपर आणि रात्रीचा चहा. त्यातूनही विषय राहिला तर एटीकेटी आहेच, म्हणजे तो विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जायचं. या सगळ्याला तुम्ही चार वर्षं शिव्या घातल्या असतील, पण हीच व्यवस्था हात धुऊन मागे लागून तुमच्याकडून अभ्यास करून घेत होती. तू पहिल्या तिनात आलीस ती हुशार आहेस म्हणून, आणि थोडी या रेट्यामुळेही. कशाचा वाटा किती, ते तुला तिकडे गेल्यावर कळेल.

जर्मन विद्यापीठात बहुतेक लेक्चरना हजेरी घेत नाहीत. दोनशे जणांच्या हॉलमध्ये तू नसलीस तर कुणाला पत्ता लागणार नाही. प्रॅक्टिकल आणि सेमिनार सोडले तर सत्रभर मार्कांचं असं फारसं काही नसतं. ऑक्टोबरच्या मध्यावर लेक्चर सुरू होतात, फेब्रुवारीत संपतात आणि मग एका विषयाला एक पेपर, नव्वद मिनिटांचा किंवा दोन तासांचा. बऱ्याचदा सगळा विषय त्याच पेपरवर उभा असतो. त्या पेपरला बसायचं असेल तर मुदतीत ऑनलाइन नोंदणी तूच करायची. मुदत चुकली तर कुणी आठवण करत नाही आणि विंडोवर जाऊन 'सर, प्लीज' म्हणायची सोय नसते. नापास झालीस तर पुन्हा बसता येतं, पण मोजून. अनेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी मिळतात. तिसरी गेली तर त्या अभ्यासक्रमातून कायमचं बाहेर पडावं लागतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे सुरू करणंही सहसा जमत नाही. एटीकेटीच्या हिशेबानं 'बघू पुढच्या वेळी' म्हणणारी मुलं इथं सापडतात. तुझ्या कोर्सचे परीक्षानियम विद्यापीठाच्या साइटवर असतील. निघायच्या आधी ते बसून वाच. जर्मनमध्ये असतील तर कुणाकडून तरी समजावून घे.

हे सगळं निष्काळजीपणातून आलेलं नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. 1810 साली बर्लिनचं विद्यापीठ सुरू झालं. त्यामागे असलेल्या विल्हेल्म फॉन हुम्बोल्टची कल्पना अशी होती की विद्यार्थी म्हणजे शाळकरी पोर नव्हे. शिक्षक आणि विद्यार्थी दोघंही ज्ञानाच्या कामावर आलेली माणसं. म्हणून प्राध्यापक तुझ्या मागे लागत नाहीत, ते तुला मोठं समजतात. नोव्हेंबरातल्या अंधाऱ्या सकाळी मात्र मोठं समजणं आणि वाऱ्यावर सोडणं यातला फरक कळत नाही. त्याच सुमारास मला मुलांच्या मेल यायच्या. 'मॅडम, इथं कुणी विचारतच नाही हो.'

विचारायचं आपणच. प्रत्येक प्राध्यापकाची भेटीची ठरलेली वेळ असते, मेल करून वेळ घ्यायची आणि प्रश्न लिहून न्यायचे. लेक्चरच्या जोडीला उदाहरणं सोडवण्याचा तास असतो. लेक्चर एखादं चुकलं तरी चालेल, हा तास चुकवू नकोस, कारण पेपर साधारण त्याच वळणाचा येतो. जुने पेपर लागतील तेव्हा विभागाच्या विद्यार्थी मंडळाकडे जा. त्याला 'फाखशाफ्ट' म्हणतात, आणि जुन्या पेपरांचा साठा बहुधा त्यांच्याकडेच असतो. तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचाही एक दिवस ठरलेला असतो. आपली मुलं तिथं जायला लाजतात. तू जा. कुठं गुण गेले हे समोर बसून बघितल्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. क्वचित एखादा गुण वाढूनही मिळतो.

गुणांचं सांगायचं राहिलं. तिथं 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 म्हणजे काठावर पास आणि 5.0 म्हणजे नापास. पहिला निकाल कळवताना आईला हे आधी समजावून सांग, नाहीतर 1.3 ऐकून तिच्या पोटात गोळा येईल. मात्र पहिल्या सत्रात 1.3 येईलच असं धरून चालू नकोस. 2.7 आला, एखादा विषय राहिला, तर तू एकदम ढ झालीस असं होत नाही.

तू बागायतदाराची मुलगी आहेस म्हणून हे तुला चटकन कळेल. जर्मन विद्यापीठाची सत्रं 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला सुरू होतात, म्हणजे थेट तुमच्या दोन छाटण्या. तारखेनं तुझं पहिलं सत्र ऑक्टोबरच्या फळछाटणीचं असलं तरी वृत्तीनं ते एप्रिलच्या खरड छाटणीचं समज. एप्रिलच्या छाटणीनंतर वेलीवर एक मणी दिसत नाही म्हणून बाबा कधी बाग काढायला निघालेत का? काडी पिकते, डोळ्यात घड धरतो, हे सगळं तेव्हाच चालू असतं. आणि त्या काळात पाण्याची, खताची हयगय झाली तर ती पुढच्या हंगामात दिसतेच.

आणखी एक सवय इथंच ठेवून जा. सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राचं जर्नल समोर ठेवून 'छापायची' आपल्याकडे इतकी रीत आहे की त्यात कुणाला चोरी वाटत नाही. तिकडे ती चोरीच असते. प्रबंधात उचलेगिरी सापडली म्हणून 2011 मध्ये जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थेओडोर त्सू गुटेनबेर्ग यांना पद सोडावं लागलं. 2013 मध्ये तर शिक्षणमंत्री अनेटे शावान यांच्यावर तीच पाळी आली. मंत्र्यांना जिथं सोडत नाहीत तिथं पहिल्या सत्रातल्या मुलीला कोण सोडणार? दुसऱ्याचं वाक्य, आकृती, कोड जे काही घेशील त्याखाली कुठून घेतलं ते लिहायचं. एवढीशी गोष्ट आहे, पण हाताला वळण लागायला वेळ लागतो.

सेमिनारमध्ये मत विचारतील तेव्हा 'सर म्हणतात ते बरोबर' हे उत्तर धरलं जात नाही. इरावती कर्वे 1928 मध्ये बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाच्या विचारांचे होते. कवट्यांच्या मोजमापातून त्या विचारांना आधार मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापात तसं काही निघालं नाही, आणि त्यांनी जे निघालं तेच लिहिलं. पदवी मिळालीच. शंभर वर्षांपूर्वी, परक्या भाषेत, आपल्याच मार्गदर्शकासमोर. तुला तर गिअरच्या डिझाइनवरच बोलायचंय.

आता पैसे. या भागात मला तुझ्या सीनियरांशी भांडायचंय.

व्हिसासाठी उघडाव्या लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो भरलेत ना? त्यातले महिन्याला 992 तुझ्या हातात येणार. हिशेबाला सोपं म्हणून युरो शंभर रुपयांचा धरला तर वर्षाचे बारा लाख. त्यातून आधी खोलीचं भाडं, मग आरोग्यविम्याचे दीडशेच्या आसपास, मग खाणं, फोन, दर सहा महिन्यांचं सत्रशुल्क. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी, घरात टीव्ही असो वा नसो, घरटी महिन्याला 18.36 युरो. लहान शहरात हे भागतं. म्युनिकमध्ये भाड्यातच जीव जातो. आणि 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे ऐकून अर्ज करणाऱ्या इतरांसाठी सांगते, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सत्राला 1,500 युरो फी आहे, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही 2024 पासून अशा नव्या विद्यार्थ्यांना मोठी फी लावलीय.

कामाची परवानगी वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस. 2026 मध्ये किमान वेतन तासाला 13.90 युरो आहे. आठवड्याला दहा तास काम केलंस तर महिन्याला सहाशे युरोच्या आसपास मिळतील. हे झालं काम मिळाल्यावर. पहिल्या सत्रात, जर्मन येत नसताना, ते मिळायला तीन-चार महिने सहज जातात. कारण सीनियर जे गोदामातलं, हॉटेलातलं काम सांगतात त्यासाठीही आता रांग आहे. मिळालं की मोह होतो. दहाचे वीस तास होतात, सकाळचं लेक्चर सुटतं, मग उदाहरणांचा तास सुटतो. कुणी विचारत नसतंच. फेब्रुवारीत पेपर पुढे ढकलला जातो. एक सत्र लांबणं म्हणजे सहा महिन्यांचा खर्च, सहा लाख. गोदामात मिळवलेलं तिथंच जातं. म्हणून पहिल्या सत्रात कामाचा एक युरोही हिशेबात धरू नकोस. दुसऱ्या सत्रापासून प्राध्यापकांच्या हाताखाली मदतनीसाची कामं निघतात, तिथं त्यांना 'हिवी' म्हणतात. पैसे फार नसतात, पण प्रयोगशाळेत ओळख होते, आणि प्रबंधाचा विषय कित्येकदा तिथूनच येतो. त्याच्यामागे लाग.

तुला एक विचारायचंय आणि ते तू बाबांना विचार. बाग तारण ठेवली म्हणतेस, मग हे शैक्षणिक कर्ज आहे की बागेवरचं साधं तारण कर्ज? बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन सहसा तारण घेत नाहीत, म्हणून शंका येते. शैक्षणिक कर्ज असेल तर हप्ते साधारण कोर्स संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. पतसंस्थेचं किंवा तारण कर्ज असेल तर हप्ता लगेच मागे लागलेला असतो, आणि तो बाबा बागेतून भरणार असतात. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुला हे माहीत नसेल तर त्यात तुझा दोष नाही, आपल्याकडे मुलींना कर्जाचे कागद दाखवत नाहीत. तरी जायच्या आधी एक संध्याकाळ बाबांबरोबर बस. औषधं, मजुरी, डिपिंग यांचा हिशेब ते जसा वहीत मांडतात तसा तुझ्या तीस महिन्यांचा मांडा. चोवीस नव्हे, तीस. चार सत्रांत कोर्स संपवणारे असतात, पण पाच-सहा सत्रं लागणारेही पुष्कळ असतात आणि तिकडे त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. हिशेब बसत नसेल तर ते सप्टेंबरआधी कळलेलं बरं.

मग थांबावं का? हिशेब बसत नसेल, किंवा बाबांच्या चेहऱ्यावर तुला काही वेगळं दिसलं, तर जरूर थांब. त्यात लाज नाही. पण हा प्रवेश पुढच्या वर्षासाठी राखून ठेवतातच असं नाही, बहुतेक वेळा नव्यानं अर्ज करावा लागतो. ते विद्यापीठाला मेल करून आधी विचार. वर्षभर पुण्यात नोकरी आणि संध्याकाळी जर्मन, बी-वनपर्यंत, म्हणजे रोजचे व्यवहार निभावण्याइतकं, असा बेत असेल तर ते वर्ष सत्कारणी लागेल. नुसतं आईच्या रडण्यासाठी थांबणार असशील तर ती पुढच्या वर्षीही रडेल. माझा कल विचारशील तर हिशेब बसला की जा.

आणि जर्मन शिक. मी जर्मनची मास्तरीण म्हणून हे सांगणारच, पण ऐक. तुझं लेक्चर इंग्रजीत आहे. घरमालकाचं पत्र, विमा कंपनीचं पत्र, दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट, इंटर्नशिपची मुलाखत, हे सगळं जर्मनमध्ये आहे. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने राहता येतं. मेकॅनिकलच्या बहुतेक कंपन्या त्या अठरा महिन्यांत पहिला प्रश्न भाषेचाच विचारतात. आत्ता हातात जे दिवस आहेत त्यात ए-वन, म्हणजे पहिली पायरी, होऊन जाईल.

खोलीचा अर्ज आजच कर. विद्यार्थी वसतिगृहांची यादी लांबलचक असते, कधी सत्रभर थांबावं लागतं. तोवर 'वे-गे', म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेलं घर. खोली न बघता, कुणी 'मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरनं पाठवतो' म्हणत डिपॉझिट मागितलं तर ती फसवणूक समज. पोचल्यावर दोन आठवड्यांत शहराच्या कचेरीत पत्त्याची नोंद करावी लागते. त्याला घरमालकाची सही असलेला कागद लागतो, तो मिळणार का, हे खोली घेतानाच विचार. आणि पत्रपेटीवर स्वतःचं नाव चिकटव. हसू नकोस, नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. तिथला अर्धा कारभार अजून पोस्टानंच चालतो. माझ्या एका विद्यार्थ्याचं बँकेचं कार्ड याच पायी तीनदा परत गेलं होतं.

राहता राहिलं एकटेपण. ते येईल, हे तुझं बरोबर आहे. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास अंधार पडू लागतो, रविवारी दुकानं बंद, रस्ते सामसूम. मोठ्या शहरांतून मराठी मंडळं आहेत, गणपती-दिवाळीला जरूर जा. पण चार मराठी मुली मिळून घर घेतलंत तर पहिले दोन महिने माहेरी असल्यासारखे जातील आणि जर्मन तिथंच थांबेल. मला विचारशील तर घर मिश्र असू दे, शनिवारची भाकरी मराठी असू दे. सकाळी उठावंसं वाटत नाही, असं दोन आठवडे सलग झालं, तर विद्यार्थ्यांसाठीच्या समुपदेशन केंद्रात जा. ते बहुतेक ठिकाणी फुकट असतं, इंग्रजीतही बोलतात. तिथंही तुला कुणी बोलवायला येणार नाही, दार तुलाच वाजवावं लागेल.

आईसाठी रविवारची एक वेळ ठरवून दे. रोज व्हिडिओ कॉल सुरू केलास तर एक दिवस चुकला की तिकडे रात्रभर दिवा जळत राहील. तुझ्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा घरी साडेनऊ, ती कामं आवरून बसलेली असेल. मात्र ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं तासभर मागे जातात, आणि साडेतीन तासांचं अंतर साडेचार होतं. तिला ते आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या रात्री ती साडेनऊपासून फोन हातात धरून बसायची.